सोजरआक्काचे लाडू

आबा मेंढरांमागे दिवसभरात किती चालत, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. झरीच्या पुढे आमची वाडी, आणि दिवाळी सरली की वाडीतली निम्मी घरं पुरुषांविना असायची. घोंगडं खांद्यावर, काठी हातात आणि कमरेला मायनं बांधून दिलेलं फडकं, एवढ्यावर माणूस आठ-आठ दिवस रानात काढायचा. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते आणि तिसऱ्या दिवशी दातांशी भांडते. म्हणून माय त्या फडक्यात कोरडं खाणं बांधायची. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, सालासकट खरपूस भाजलेले शेंगदाणे, आणि ज्यावर आबांचा सगळा भरवसा असायचा ते कुटलेले लाडू. जवस, तीळ आणि शेंगदाणे वेगवेगळे भाजायचे, कारण एकत्र भाजले की तीळ जळतात आणि शेंगदाणे कच्चे राहतात. मग ते उखळात कुटायचे, त्यावर गूळ चिरून घालायचा आणि कुटण्यातूनच तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. तूप आमच्याकडे सणालासुद्धा वास घेण्यापुरतंच असायचं. त्या लाडवाला तुपाची गरजही नव्हती, तो आपल्याच तेलावर वळला जायचा. सकाळी एक खाल्ला की आबांना दुपारच्या सावलीपर्यंत भूक लागत नसे, असं ते सांगायचे. खरं-खोटं त्यांनाच माहीत, कारण मी चोरून खाल्लेल्या लाडवानंतर मला घटकाभरात पुन्हा भूक लागायची.

परवा नातसुनेनं परभणीहून असल्याच लाडवांचं पाकीट आणलं. वर दिवसभर ताकद टिकते असं काहीतरी छापलेलं होतं. तिनं कौतुकानं एक माझ्या हातावर ठेवला. गोडंबी होती त्यात. मी तो परत ताटलीत ठेवला आणि सोसत नाही म्हणाले. घरात सगळ्यांना हेच माहीत आहे, की आजीला गोडंबी सोसत नाही. इतकी वर्षं मी हेच सांगत आले, आणि आता मरायच्या वाटेवर तरी एकदा खरं लिहून टाकावं म्हणून हा कागद पुढं ओढला आहे. लिहिल्यानं मन हलकं होतं, असं शिकलेली माणसं सांगतात. माझं काही होईल असं मला वाटत नाही.

गोडंबी ही बिब्ब्याच्या पोटातली बी. ज्यांनी फक्त दुकानातली पांढरी, सोललेली गोडंबी पाहिली आहे त्यांना ती कुठून येते याची कल्पना नसते. जिंतूरकडच्या डोंगरात बिब्ब्याची झाडं असत. आबा तिकडं चरायला गेले की पोतंभर वाळके बिब्बे घेऊन यायचे. बिब्बा वरून काळा, टणक, आणि त्याच्या टरफलात काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की बिब्बा उततो, म्हणजे आधी खाज, मग आग, मग पाणी भरलेले फोड, आणि फोड गेले तरी महिनोन्महिने काळे डाग राहतात. माय अंगणात बसून बिब्बे फोडायची. आधी हातांना कोपरापर्यंत तिळाचं तेल चोपडायची, त्यावर चुलीतली राख. बिब्बेही राखेत लोळवायची, म्हणजे तेल राखेनं ओढून घ्यावं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून, एका दगडावर बिब्बा ठेवून दुसऱ्या दगडानं टिचकवायचा, तोही असा की टरफल फुटावं पण आतली बी फुटू नये. मग गोडंबी पुन्हा राखेत चोळायची, धुवायची, वाळवायची, भाजायची. आम्हा बहिणींना ती तिथं फिरकू द्यायची नाही. "तुमची तोंडं अजून लग्नाला दाखवायची हायेत," म्हणायची. तिच्या मनगटांवर शेळीच्या अंगावर असतात तसे काळे-पांढरे ठिपके कायमचे होते.

सोजर माझी थोरली बहीण. आमच्या दोघींत सात वर्षांचं अंतर, मधली दोन भावंडं गेलेली. ती बोलायची कमी आणि हसायची जास्त, आणि मानापानाचा नुसता शब्द जरी तिला ऐकू आला तरी ती ताठ व्हायची. तिला पेडगावला दिली होती. माणसं आमच्याच जातीची, पण त्यांच्याकडं जमीन होती, विहीर होती, बैल होते, आणि मेंढरांमागची फिरती त्यांच्या दोन पिढ्यांनी सोडली होती. तेवढ्यानं त्यांच्या भावकीत आमचं नाव मेंढकी असं पडलं. आम्हीही मेंढकीच होतो, त्यात खोटं काही नव्हतं. पण ते कुठल्या सुरात म्हणतात त्यावर असतं.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. दिवाळीच्या आधी मुलगा झाला. बाळंतपण वाईट गेलं. अंगावरून फार गेलं आणि ती अशी पांढरी पडली की सुईण पुन्हा पुन्हा तिची नखं दाबून बघू लागली. दूध येईना. तेव्हा मायनं साठवलेले सगळे बिब्बे बाहेर काढले. रोजच्या लाडवात गोडंबी, डिंक आणि झरीच्या बाजारातून आणलेली खारीक पडायला लागली. सोबत हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि बाजरीची भाकरी. माय तिच्यासमोर बसून लाडू खायला लावायची, शेवटचा घास गिळेपर्यंत उठायची नाही. महिन्याभरात आक्काच्या गालावर रंग आला. पोर दूध पिऊन ढेकर द्यायला लागलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे हे, म्हणून त्या लाडवांत किती दम होता याबद्दल मला कुणी शिकवू नये.

पौषात लेकीला सासरी धाडत नाहीत. माघ लागताच जायचं ठरलं, आणि मायनं पुन्हा बिब्बे फोडायला घेतले. यावेळी मोठा घाणा होता. दोन महिने पुरतील एवढे लाडू द्यायचे होते, कारण तिकडं सुगी तोंडावर आलेली, ज्वारी काढायला सगळं घर रानात जाणार, आणि अंगावर पाजणारी बाई सुगीत कशी मोडते हे मायला ठाऊक होतं. घाईघाईत राख कमी पडली की तेल संपलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी मायचा चेहरा सुजला. पापण्या इतक्या फुगल्या की तिला माझा हात चाचपून धरून पाणी मागावं लागलं. बोटांच्या बेचक्यांत फोड आले. तशा हातांनी तिनं उखळात कुटलं आणि लाडू वळले. रॉकेलचा रिकामा डबा राखेनं घासून, उन्हात तापवून, त्यात ते भरले. मी बाळाला सांभाळायला पाठराखीण म्हणून आक्कासोबत जाणार होते. तेरावं वरीस होतं मला. मायनं मला जवळ बसवलं. तिचे डोळे फटीएवढे उघडत होते.

"सकाळी एक आन् दिवस मावळताना एक. तुझ्या म्होरं खाऊ घाल. ती माझ्यावानी न्हाई, ती वाटून टाकील. ध्यान ठिवशील का?"

"ठिवीन की," मी म्हणाले. पेडगावला जायला मिळणार म्हणून मी नव्या परकराच्या नादात होते. पण ऐकलं होतं मी. शब्दन्‌शब्द ऐकला होता.

गाडी पेडगावात शिरली तेव्हा दुपार होती. आक्काची सासू, जिला ती आत्याबाई म्हणायची, दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिनं बाळावरून तुकडा ओवाळून टाकला आणि बाळाला असं घेतलं की मला बरं वाटलं. ती वाईट बाई नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ही गोष्ट ऐकणाऱ्याला सासूला दोष द्यायचा मोह होईल. तिनं डबा उघडायलाही सांगितला नाही. पण रिवाज असा होता, आणि आजही काही घरांत आहे, की माहेराहून लेकीसोबत जे येतं ती तिची शिदोरी, आणि शिदोरी भावकीत घरोघर वाटायची असते. ज्या घरी गेली नाही त्या घरानं वर्षभर तोंड फिरवावं इतकी ती गोष्ट मोठी. दुसरी काही शिदोरी आम्ही आणली नव्हती. माय लाडवांच्या धांदलीत होती, डोळे मिटलेले, तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि आम्हा कुणाच्याही नाही. बायका बाळ बघायला येऊन बसल्या. एकीनं डब्याकडं बघत सहज म्हटलं, "मेंढरांमागच्यांनी बी आणलंय जणू काही."

आक्काची मान ताठ झाली. तिनं मला आत बोलावलं आणि परात हातात दिली. "भावकीत समद्या घरी देऊन ये. एक बी घर सोडू नको. दोन-दोन दे, एक दिऊ नको."

"माय काय म्हणाली ते आठवतंय का?" मी विचारलं. हे मी विचारलं होतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे.

"आठवतंय. माय हितं ऱ्हायला न्हाई, मला ऱ्हायचंय."

मी परात घेऊन निघाले. आणि आता जे लिहायचं आहे ते लिहायला माझी लेखणी अडते. मला मजा वाटली. प्रत्येक दारात मला बसवून घेतलं गेलं. लाडू फोडून बघितला गेला, गोडंबी बोटांनी वेचून खाल्ली गेली. "कुणी केल्यात गं? तुझी माय लय हाताची बाई दिसती." "ह्यात तर समदं हाय की, खारीक बी हाय!" एका दात नसलेल्या म्हाताऱ्यानं लाडू पाण्यात कालवून खाल्ला आणि मला म्हणाला, "असलं खाऊन मी अजून नांगर धरीन." डब्याकडं बघून बोललेल्या त्या बाईनं तर आणखी एक मागून घेतला. मी दिला. मी न मागताही दिले. परात रिकामी झाली की पळत जाऊन भरून आणायची. आमच्या वाडीत माझं कधी कुणी कौतुक केलं नव्हतं, आणि इथं दारादारात होत होतं. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या दोन घरांतून पोरं पाठवली गेली, त्यांनाही दिले. डब्याचा तळ दिसला तेव्हा मी भानावर आले. उरलेले चार-पाच मी ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवले. आक्काला त्यातला एक दिला, तर तिनं अर्धा खाल्ला आणि अर्धा दाजींना दिला, कारण ते मोट हाकून आले होते. बाकीचेही तिनं त्यांनाच दिले. पेडगावात ती खाताना मी पाहिलेला सगळा लाडू एवढाच, अर्धा.

सुगी लागली. आत्याबाई पहाटे उठून रानात जायची, आक्काही जायची, दाजीही. मी बाळाला घेऊन घरी, दोन वेळा त्याला बांधावर पाजायला न्यायचे. आक्का ज्वारी उपटता उपटता येऊन बसायची आणि बाळ तिला लुचायचं. उठताना ती बांधाला हात टेकायची. त्या घरात बायका शेवटी जेवायच्या, आणि शेवटी जे उरेल ते, म्हणजे भाकरी, ठेचा आणि कधी अंबाडीची भाजी. कुणी तिला उपाशी ठेवलं नाही. आत्याबाईही तेच खायची. पण आत्याबाई नुकती बाळंत झालेली नव्हती. मी आक्काला फुटाणे आणून द्यायचे, लाह्या द्यायचे, हुलगे भिजवून मोड आणून घुगऱ्या करून बांधावर न्यायचे. ती दोन घास खाऊन उरलेलं शेजारच्या बायकांसमोर सरकवायची. गालावर माहेरी आलेला रंग कधी उतरला ते कळलंही नाही. मग तिला तोंड आलं. ओठांच्या कडा चिरल्या, जीभ लाल झाली, ठेचा तर सोडाच, कोमट पाणीही झोंबायला लागलं.

त्याच दिवसांत आबा आले. मेंढरं शिवाराबाहेर सोबतीकडं सोडून ते ओट्यावर बसले. आक्का रानात होती, आत्याबाईही. मी एकटी, कडेवर बाळ. त्यांनी माझ्यासाठी शेंगदाणे आणले होते. नातवाला बोट धरायला दिलं आणि मग मुद्द्याचं विचारलं.

"मायनं इचारलंय, लाडू पुरायलेत का? न्हाई तर अजून बिब्बे हायेत म्हणती. मी घिऊन येतो आठ दिसांत."

"मायचे डोळे बरे हायेत का?" मी विचारलं.

"एक उघडायलाय. दुसरा आता उघडंल. हाताचं कातडं गेलंय सालपटावानी, पण तिला कुटं दम हाय? लाडू संपले असतील तर सांग, आजच सांग."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मला मायचे हात दिसले. मला परात दिसली, आणि दारादारातलं माझं हसणं दिसलं. यातलं कुठलं कारण खरं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी त्यानं काही फरक पडत नाही.

"हायेत की अजून," मी म्हणाले. "आक्का रोज दोन टाइम खाती."

"खातीय ना? मग झालं." आबा उठले. त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मलाही क्षणभर वाटलं, खरंच डबा भरलेला असेल.

त्यानंतर महिनाभरानं, चैत्रात, आक्का गेली. आधी ताप आला, मग अंगावर सूज. वैद्याचा काढा झाला. परभणीच्या दवाखान्यात न्यायला दाजींनी सकाळी गाडी जुंपली आणि तिला उचलायला आत गेले, तर तिचं अंग गार होतं. बाळ तिच्या कुशीत जागं होतं, रडत नव्हतं.

माय आणि आबा आले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. बायकांनी आक्काला आंघोळ घातली. त्यातली एक मायला धरून बसली आणि रडत म्हणाली, "तुमच्या लेकीचं तोंड समदं आलं होतं वो. व्हट फाटले होते. पाणी बी झोंबत होतं." माय रडत होती ती थांबली. अगदी थांबली. तिनं मला हातानं जवळ ओढलं आणि कानाशी विचारलं, "शेवटपातुर खात होती का लाडू?"

मला वाटलं, तिला निदान एवढं समाधान असावं, की लेक उपाशी गेली नाही, आपले हात वाया गेले नाहीत. "व्हय," मी म्हणाले. "रोज खात होती."

मायनं माझा हात सोडला. नंतर ती रडली नाही. त्या भावकीतल्या प्रत्येक बाईनं तिचे लाडू खाल्ले होते, पण मयताच्या घरी लाडवाचं नाव कोण काढणार? आणि माय पुन्हा कधी पेडगावला गेली नाही.

घरी आल्यावर तिनं उरलेले बिब्बे पोत्यासकट ओढ्याकाठी पुरले. मला वाटलं, दुःखानं. पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी मी परसात गोवऱ्या रचत होते आणि कुडाच्या पलीकडून तिचं बोलणं ऐकू आलं. ती आबांना सांगत होती. "राख कमी पडली होती. मला दिसत नव्हतं. गोडंबीला तेल राहिलं असंल. तोंडात उतलं, तसंच पोटात उतलं असंल. ती मायनं दिलंय म्हणून रोज खात ऱ्हायली. मीच मारली तिला." आबा म्हणाले, "येडी का काय तू." पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता, आणि ते मायलाही जाणवलं असणार.

माझ्या हातात गोवरी होती. कुडाला वळसा घालून दहा पावलं चालायचं होतं. लाडू तिनं खाल्लेच नाहीत माय, सगळ्या गावानं खाल्ले आणि एकाचंही तोंड आलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी गेले नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत वर्ष गेलं, आणि वर्षभर न सांगितलेली गोष्ट सांगणं पहिल्या दिवसापेक्षा कठीण होतं. मग माझं लग्न झालं. पुढे मला अंगणवाडीत काम मिळालं. गरोदर आणि पाजत्या बायकांना आम्ही शेंगदाण्याचे लाडू द्यायचो. घरी न्यायचा नाही, माझ्यासमोर बसून खायचा, असा माझा कायदा होता. बायका मला खाष्ट म्हणायच्या, आणि खाष्ट होतेच मी. कुणी लाडू पदरात बांधताना दिसली की मी तिच्यावर अशी ओरडायचे की लेकरं दचकायची. वरून आलेल्या बाईंनी एकदा माझं कौतुक केलं. मी घरी येऊन दिवसभर जेवले नाही.

आक्काचा मुलगा आत्याबाईनंच वाढवला. सुट्टीत तो आमच्या वाडीला यायचा. माय त्याच्या केसांत तेल घालायची, त्याची सदरी शिवायची, पण आपल्या हातचा घास तिनं त्याला कधी दिला नाही. त्याच्यासाठी भाकरी शेजारणीकडून यायची. लाह्यासुद्धा तिनं त्याला फोडून दिल्या नाहीत. "माझ्या हातचं नगं त्याला," एवढंच म्हणायची. तो मोठा झाला, त्याला मिसरूड फुटलं, तेव्हा त्यानं मला विचारलं, "मावशी, आजीला मी आवडत न्हाई का?" मी म्हणाले, तिचा स्वभावच तसा आहे. तो मान हलवून गेला. नंतर त्याचं येणं कमी होत गेलं आणि मग थांबलं.

मायचं शेवटचं दुखणं लांबलं. मी तिला माझ्याकडं आणली होती. सकाळचं ऊन अंथरुणापर्यंत यायचं तेव्हा मी तिला ज्वारीच्या कण्या भरवायचे. तिची शुद्ध चांगली होती, हे सांगायला हवं, कारण तशी नसती तर मला एक निमित्त मिळालं असतं. एक दिवस दोन घास झाल्यावर तिनं तोंड मिटलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आता सोजरची गाठ पडंल. तिनं इचारलं तर मी काय सांगू?"

आबा नव्हते, आत्याबाई नव्हती, ज्याला लाज वाटेल असं त्या गोष्टीतलं कुणीच उरलं नव्हतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी वाटीतल्या कण्या ढवळल्या.

"ती न्हाई इचारायची, माय," मी म्हणाले.

"इचारंल," ती म्हणाली. "लय झोंबलं असंल तिला." आणि पुढच्या घासासाठी तिनं आज्ञाधारक लेकरासारखं तोंड उघडलं.

मी भरवलं.